शोनब्रुन वगळून

जबलपूरहून युरोपला जायचं तर आधी जबलपूरहून निघावं लागतं, आणि सगळ्या प्रवासातला लांबलचक टप्पा तोच असतो. इथून मुंबईला पोचायला गाडीला पंधरा-सोळा तास लागतात. मुंबईहून विमान नऊएक तासांत म्युनिकला भाचीकडे नेऊन सोडतं, आणि तिथून पुढे चार दिवस व्हिएन्ना. आमच्याकडे डुमना विमानतळ आहे, त्याची नवी इमारतही झाली आहे, पण साठी ओलांडलेल्या माणसांचा भरवसा अजून रेल्वेवर. एक दिवस आधी मुंबईत, नणंदेकडे मुक्काम, दुसऱ्या रात्री विमान, असं आमचं ठरलं आहे.

आज आडबाजूला वाटणारं हे गाव एके काळी युरोपच्या हमरस्त्यावर होतं. १८६९च्या नोव्हेंबरात सुएझ कालवा खुला झाला आणि १८७०च्या मार्चमध्ये मुंबईकडची जीआयपी रेल्वे आणि कलकत्त्याकडची ईस्ट इंडियन रेल्वे जबलपुरात येऊन एकमेकींना मिळाल्या. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्या समारंभाला इथे आले होते. त्यानंतर कलकत्त्याच्या साहेबाला मायदेशी जायचं असलं की तो जबलपूरवरून मुंबईला येई आणि बोटीत बसे. ज्यूल व्हर्नच्या फिलिअस फॉगनं ऐंशी दिवसांत पृथ्वी फिरून येण्याच्या ज्या हिशेबावर पैज लावली, त्यात मुंबई ते कलकत्ता रेल्वेनं तीन दिवस धरले होते. ते तीन दिवस या नव्या जोडणीमुळेच शक्य झाले. हावडा-मुंबई मेल अजूनही त्याच वाटेनं आमच्या स्टेशनात येते.

हा फॉग आमच्या ह्यांचा आदर्श आहे. हे आयुधनिर्माणीत होते, तेही प्लॅनिंग सेक्शनला. तोफेच्या गाड्याचा कुठला भाग कोणत्या शॉपमधून कधी निघणार, याचे तक्ते करण्यात त्यांची उमेद गेली. त्यामुळे व्हिएन्नाचे चार दिवस म्हटल्याबरोबर त्यांनी लॅपटॉपवर तक्ता उघडला. उभ्या रकान्यात दिवस, आडव्या ओळीत अर्धा-अर्धा तास. नऊ ते साडेनऊ नाश्ता, साडेनऊ ते दहा ट्राम, दहा ते बारा शोनब्रुन राजवाडा. मी म्हटलं, “अहो, त्या राजवाड्यात चौदाशेच्या वर खोल्या आहेत.” तर म्हणाले, “सगळ्या दाखवत नाहीत. चाळीसच दाखवतात.” म्हणजे एका खोलीला तीन मिनिटं, हे त्यांनी मनात करून ठेवलेलं होतं.

फॉगबद्दल माझी तक्रार आहे ती हीच. त्या माणसानं सगळं वेळेवर केलं आणि काही पाहिलं नाही. गावामागून गाव जात राहिलं आणि तो पत्ते खेळत बसला. आपल्याकडे युरोपच्या ज्या गटसहली निघतात, त्यांत पत्ते नसतात, अंताक्षरी असते, बाकी तेच. व्हिएन्ना त्यांच्या वाट्याला येतं ते अर्धा दिवस, बुडापेस्ट आणि साल्झबुर्गच्या मध्ये, बसच्या काचेतून. अशा सहलींना मी नावं ठेवत नाही. माझ्या दोन बहिणी त्यातून जाऊन आल्या, सुखानं जेवल्या, सुखानं परतल्या. पण त्यांना व्हिएन्नाबद्दल विचारलं की त्या म्युनिकचं काहीतरी सांगतात.

व्हिएन्ना का, हे मला सगळे विचारतात. भाची म्युनिकला असते, ती बोलावते, तर म्युनिक ठीक आहे. पुढे जायचं तर पॅरिसला जावं. पॅरिस म्हणजे कसं, कॉलनीत सांगायला बरं. त्याचं उत्तर पुढे देईन. आधी व्हिसाचं सांगते, कारण आखणीला खरी शिस्त व्हिसा लावतो.

शेंगेन व्हिसा एका देशाचा काढला की एकोणतीस देश फिरता येतात, पण अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हे आपल्या मनावर नसतं. जिथे मुक्काम जास्त, त्या देशाकडे. मुक्काम सारखेच असतील तर जिथे पहिलं पाऊल पडेल, त्या देशाकडे. आमच्या मनात सगळं व्हिएन्ना असलं तरी रात्री जास्त भाचीकडच्या, म्हणून आमचा व्हिसा जर्मनीचा. अर्ज सहा महिन्यांच्या आत आणि निदान पंधरा दिवस आधी करायचा, माणशी ९० युरो फी भरायची, ३० हजार युरोंचं विमासंरक्षण घ्यायचं, बोटांचे ठसे द्यायला जातीनं हजर राहायचं. म्हणजे त्यासाठीही एकदा मुंबई. शिवाय बँकेचे कागद, पेन्शनचे कागद, भाचीचं निमंत्रण आणि रोजच्या कार्यक्रमाचा तपशील. ह्यांचा अर्ध्या तासांचा तक्ता तिथे कामी आला. इतका तपशीलवार कार्यक्रम त्या खिडकीवर क्वचितच कुणी दिला असेल.

मी मात्र त्या तक्त्यातून रोज रात्री एकेक ओळ खोडायला बसते. चार दिवसांच्या मुक्कामात बघण्यासारखं काय आहे, हा प्रश्न फुकटचा आहे. त्याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात मिळतं आणि त्याला चार महिने पुरत नाहीत. काय सोडायचं हे मात्र ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला आपण कुठून निघालो हे ठाऊक असावं लागतं. आम्ही जबलपूरहून निघणार आहोत. म्हणून जबलपूरचा ज्याच्याशी काही संबंध आहे तेवढंच व्हिएन्ना बघायचं, बाकीचं सोडून द्यायचं, असं मी जाहीर केलं. घरात हसू झालं. जबलपूरचा आणि व्हिएन्नाचा संबंध!

संबंध आहे. आमच्या गावाबाहेर नर्मदेवर लमेटा घाट आहे. भेडाघाटला धुवांधार बघायला येणारे पाहुणे तिकडे फारसे फिरकत नाहीत. त्यांना नावाड्यांची यमकं जुळवत केलेली कॉमेंट्री ऐकून परतायची घाई असते. पण भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात नाव आहे ते लमेटाचं. तिथल्या खडकांवरून एका अख्ख्या खडकसमूहाला लमेटा म्हणतात, आणि त्याच खडकांत, गावातल्या बडा शिमला टेकडीवर, कॅप्टन स्लीमनला १८२८ मध्ये डायनासोरची हाडं सापडली. ठगांचा बंदोबस्त करणारा तोच हा स्लीमन. आशियात डायनासोरची हाडं सापडल्याची ही पहिली नोंद. पुढे इथे आणखी उत्खननं झाली. आमची ही थोर हाडं आज कोलकात्यात आणि लंडनमध्ये आहेत. जबलपूरच्या माणसाला आपला डायनासोर बघायलाही गाडीचं तिकीट काढावं लागतं.

तर या आमच्या मुलखातल्या कोळसा असलेल्या जुन्या थरांना भारतीय भूगर्भ सर्वेक्षणातल्या मंडळींनी एकोणिसाव्या शतकात गोंडवन हे नाव दिलं. राणी दुर्गावतीचं, गढा-मंडल्याचं गोंडवन. तसेच थर, तशाच ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या वनस्पतीच्या पानांचे ठसे आफ्रिकेतही मिळत होते. व्हिएन्ना विद्यापीठात एदुआर्द झ्यूस नावाचा भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक होता. त्यानं हे सगळं जुळवून असं मांडलं की भारत, आफ्रिका हे कधीकाळी एकाच भूमीचे भाग होते, आणि १८८५ मध्ये त्या हरवलेल्या भूमीला नाव दिलं गोंडवनभूमी. मधला भाग समुद्रात खचला असावा असं त्याला वाटत होतं. खंडं सरकतात ही कल्पना वेगेनरनं पुढे १९१२ मध्ये मांडली. खचलेलं असो की सरकलेलं, मदनमहालच्या टेकडीवर लहानाची मोठी झालेली मुलगी म्हणून मला हे फार मोठं वाटतं. दक्षिण गोलार्धातल्या आदिखंडाला आमच्या गोंडांचं नाव, आणि ते ठेवलं व्हिएन्नात बसून.

एवढ्यावर मी व्हिएन्नाला गेले नसते. झ्यूसचं खरं काम मला नंतर कळलं आणि त्यानं मला जिंकलं. १८६२ मध्ये त्यानं व्हिएन्ना शहराच्या जमिनीवर एक पुस्तक लिहिलं. घरं कशावर उभी आहेत, विहिरींत पाणी कुठून उतरतं, स्मशानांच्या खालून कसं वाहतं, आणि कुठल्या वस्तीत माणसं जास्त मरतात. शहर तेव्हा विहिरींचं आणि डॅन्यूबचं पाणी पीत होतं. कॉलरा, टायफॉइड पाचवीला पुजलेले. हा प्राध्यापक नुसतं लिहून थांबला नाही, नगरपरिषदेत निवडून गेला. डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी शहरात आणायचा आग्रह त्यानं धरला आणि तो तडीस नेला. २४ ऑक्टोबर १८७३ रोजी श्वार्झेनबेर्ग चौकात कारंजं उडालं आणि आल्प्सच्या पायथ्याचं पाणी शंभरेक किलोमीटर चालत व्हिएन्नात आलं. चालत म्हणजे खरंच चालत. पंप नाही. सगळा रस्ता उताराचा बांधून काढलेला.

इथे माझा धंदा आड येतो. मी वीज मंडळाच्या लेखा विभागात होते, रामपूरच्या शक्तिभवनात. पाणी चढवणाऱ्या पंपांची वीजबिलं किती असतात, हे मी आयुष्यभर पाहिलं आहे. आमच्याकडे नर्मदा गावाच्या खाली वाहते आणि माणसं वर राहतात; ललपूरहून पाणी वर आणायचं म्हणजे दिवसरात्र मोटारी चालल्याच पाहिजेत. व्हिएन्नात जवळजवळ सगळं पाणी अजूनही उतारानंच येतं, आणि वाटेत त्याच्यावर छोटी वीजघरं चालतात. म्हणजे पाणी वीज खात नाही, वीज देऊन येतं. कुणाला मोनालिसा बघायला पॅरिसला जावंसं वाटतं, मला हे बघायला व्हिएन्नाला जावंसं वाटतं. तिथल्या कॉफीघरांत कॉफीसोबत छोट्या तबकात पाण्याचा पेला ठेवायची पद्धत आहे. सगळे कॉफीचे फोटो काढतात. मी पाणी पिणार आहे. श्वार्झेनबेर्ग चौकात झ्यूसचा अर्धपुतळाही आहे. तिथे पहिल्या दिवशी सकाळी जायचं, हे ठरलं. ह्यांच्या तक्त्यात त्या ओळीसमोर ‘कारंजे — १५ मि.’ असं लिहिलेलं होतं. मी त्याची सकाळ केली.

हे थोडे हिरमुसले होते. पण जबलपूरचा धागा धरायचा म्हटल्यावर त्यांच्याही हाती एक टोक लागलं, आणि ते माझ्यापेक्षा दांडगं निघालं. ते टोक सुभाषबाबूंचं.

जबलपूरमध्ये वाढलेल्या माणसाला सुभाषबाबू शोधावे लागत नाहीत. मध्यवर्ती तुरुंग त्यांच्या नावाचा, मेडिकल कॉलेज त्यांच्या नावाचं, आणि बाजारातला कमानिया गेट त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून उभा. मार्च १९३९ मध्ये नर्मदेकाठी त्रिपुरीला अधिवेशन भरलं, तेव्हा पट्टाभी सीतारामय्यांना १३७७ विरुद्ध १५८० मतांनी हरवून सुभाषबाबू अध्यक्ष झालेले होते. अंगात ताप इतका, की त्यांना स्ट्रेचरवरून मंडपात आणावं लागलं. मिरवणूक मात्र ठरल्याप्रमाणे निघाली, बावन्न हत्तींची, त्यांच्याऐवजी त्यांची तसबीर रथात ठेवून. सासरे नागपूर हायकोर्टात नोकरीला होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश झाला, हायकोर्ट जबलपूरला आलं आणि त्याच्या दप्तरामागोमाग आमचं घराणं इथे आलं. त्यामुळे ते हत्ती आमच्यापैकी कुणी पाहिलेले नाहीत. पण गोलबाजारातल्या जुन्या मराठी घरांत ते पाहिलेली माणसं आम्हा दोघांच्या लहानपणी भरपूर होती, आणि हत्तींची संख्या कुणीही कमी सांगत नसे.

ह्यांनी शोधलं ते त्याच्या सहा वर्षं आधीचं. १९३२ मध्ये सुभाषबाबूंना पकडून आधी सिवनीच्या आणि मग जबलपूरच्या तुरुंगात ठेवलं होतं. थोरले बंधू शरदबाबूही सोबत होते. प्रकृती ढासळत गेली. सरकारनं उपचारासाठी परदेशी जायला परवानगी दिली, स्वखर्चानं. फेब्रुवारी १९३३ मध्ये त्यांना पुन्हा थोडे दिवस जबलपूरच्या तुरुंगात आणलं आणि इथूनच मुंबईला नेऊन २३ तारखेला युरोपच्या बोटीवर चढवलं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ते कुठे पोचले? व्हिएन्नाला. जबलपूरच्या कोठडीतून निघालेला माणूस रेल्वेनं मुंबई, बोटीनं इटली आणि तिथून व्हिएन्ना. हे वाचून ह्यांचा आवाज बदलला. “म्हणजे आपलाच रूट,” म्हणाले.

व्हिएन्ना मग सुभाषबाबूंचं युरोपातलं घरच झालं. विठ्ठलभाई पटेलही तेव्हा तिथे उपचार घेत होते. दोघांनी मिळून मे १९३३ मध्ये गांधीजींच्या धोरणावर टीका करणारं निवेदन काढलं. १९३४ मध्ये ‘द इंडियन स्ट्रगल’ हे पुस्तक लिहायला घेतलं तेव्हा टंकलेखनासाठी एमिली शेंकल त्यांच्याकडे आल्या. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मुलगी अनिता व्हिएन्नातच जन्मली, १९४२ मध्ये. सुभाषबाबूंनी तिला तान्ही असताना पाहिलं आणि ते पूर्वेकडे गेले. एमिलीबाईंनी टेलिफोन एक्स्चेंजात नोकरी करून मुलीला वाढवलं आणि १९९६ मध्ये त्या गेल्या. भारतात त्या कधीच आल्या नाहीत. त्रिपुरीच्या स्ट्रेचरमागे व्हिएन्नाचं हे घर होतं, हे बावन्न हत्तींच्या गोष्टी सांगणाऱ्या गोलबाजाराला तेव्हा ठाऊक नव्हतं.

तेव्हा दुसरा दिवस ह्यांचा. रिंग रस्त्याच्या शॉटनरिंग भागात हॉटेल द फ्रान्स आहे. सुभाषबाबूंच्या त्या काळातल्या पत्रांवर त्याचा पत्ता असतो. हॉटेल अजून चालू आहे. आत जायचं नाही, भाडं आमच्या आवाक्यातलं नाही. समोर उभं राहायचं आणि पुढे विद्यापीठावरून चालत जायचं. झ्यूसनं जिथे शिकवलं तेच विद्यापीठ, म्हणजे माझंही काम झालं.

तिसऱ्या दिवसाला नैसर्गिक इतिहासाचं संग्रहालय. आमची हाडं तिथे नाहीत हे मला माहीत आहे, तरी ज्या शहरानं गोंडवनाला नाव दिलं तिथल्या दगडांच्या कपाटांपुढून चालायचं आहे. उल्कांचा तिथला संग्रह जगात नावाजलेला आहे. विलेनडोर्फची व्हीनस तिथेच, १९०८ मध्ये सापडलेली, अकरा सेंटिमीटर उंचीची दगडी बाई, तीस हजार वर्षांच्या आसपास वय. या एका बाईसाठी मी चौकापलीकडच्या कलासंग्रहालयातल्या शंभर राण्यांची चित्रं सोडायला तयार आहे. ब्रूगेलची शिकारी आणि बर्फ असलेली ती चौकट मात्र धावत जाऊन बघून येईन म्हणते. नियमात बसत नाही. पण नियम मीच केलेला आहे.

चौथा दिवस नदीचा. नर्मदेकाठच्या माणसाला नदी पाहिल्याशिवाय गाव पाहिल्यासारखं वाटत नाही, यावर आमचं दोघांचं न भांडता एकमत झालं. इथेही एक मेख आहे. व्हिएन्नाच्या जुन्या गावात पर्यटक डॅन्यूब समजून पाहतात तो कालवा. खरी नदी पलीकडे, मेट्रोनं जावं लागतं. १८७० ते १८७५ या काळात पुरापासून शहर वाचवायला नदीचं पात्रच सरळ करून नवं खोदलं. त्या समितीतही आमचे झ्यूस होतेच. बरगी धरणानंतर ग्वारीघाटाच्या पुराचं वागणं कसं बदललं, हे पाहिलेल्यांनी ती सरळ केलेली नदी बघायलाच हवी. ती पूर्वेला वाहते, आमची पश्चिमेला. ह्यांना तिथे ‘नर्मदे हर’ म्हणायचं आहे. म्हणू देत.

खाण्याचं मी ठरवत नाही. मेतकूट, खाकरे आणि भाजणी बरोबर असेलच, आणि ऑस्ट्रियात गोड पदार्थांवर दिवस निघतो असं भाची म्हणते. खोव्याची जिलबी खाऊन वाढलेल्यांना तिथला केक कोरडा लागेल, असा माझा न बघताच अंदाज आहे. रविवारी मात्र दुकानं बंद असतात, तेव्हा दूध-ब्रेड शनिवारीच आणून ठेवायचं.

अशा तऱ्हेनं बेल्व्हेडेअरमधला क्लिम्ट गेला, ऑपेरा बाहेरूनच राहिला, कारण स्वस्तातली तिकिटं उभ्यानं बघायची असतात आणि आमचे गुडघे उभ्यानं मोझार्ट ऐकण्यातले नाहीत. फ्रॉइडचं घर गेलं. बेथोव्हेनची कबर गेली. शोनब्रुनवर ह्यांनी शेवटपर्यंत किल्ला लढवला; काल रात्री मी तीही ओळ खोडली. ज्यांनी राजवाडा पाहिला असेल त्यांनी फोटो दाखवावेत, आम्ही आवडीनं बघू. आणि कुणी झ्यूसच्या पाण्यासाठी जाणार असाल तर दोन गोष्टी आधी तपासा: नैसर्गिक इतिहासाचं संग्रहालय मंगळवारी बंद असतं, आणि चौकातलं कारंजं हिवाळ्यात चालवत नाहीत.